मोर्चावाले आणि मीटिंगवाले एका ठरावावर आणायचे तर

प्रत्येक पक्षात दोन चुली असतात. आमच्या भांडुपच्या वॉर्डात त्यांना मोर्चावाले आणि मीटिंगवाले म्हणतात. मोर्चावाल्यांत कंत्राटी कामगारांत काम करणारी पोरं, घरकाम करणाऱ्या ताई, डोंगरावरच्या वस्तीतले कार्यकर्ते, आणि त्यांचं म्हणणं एकच की लोक टेकीला आलेत आणि आपण निवेदनं कसली देत बसलोय. मीटिंगवाल्यांत सोसायट्यांचे सेक्रेटरी, दुकानदार, रिटायर्ड बँकवाले, शिक्षक, त्यांचं म्हणणं की मागणी करा पण पैसा कुठून येणार ते आधी सांगा, नाहीतर लोक हसतील. गेली वीस वर्षं दोघांच्याही सभांच्या सतरंज्या मी घातल्यात आणि उचलल्यात, आणि दोघंही खरं बोलतायत असं माझं ठाम मत झालंय.

त्यामुळे वॉर्ड किंवा विभाग पातळीवर जे काम करतात, पक्ष कुठलाही असो, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. आर्थिक न्यायावर दोन्ही गट एकत्र आणायचे असतील तर विचारसरणीवर चर्चा लावू नका, त्यातून फक्त जुनी भांडणं वर येतात. एका घराचा हिशोब मध्ये ठेवा, आणि त्यातून जी मागणी निघेल तिच्यात "पैसा कुठून" आणि "किती दिवस थांबायचं" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं लिहा. एवढं जमलं की बाकीचं बऱ्यापैकी जमतं, पण एवढंच जमवायला आम्हाला सहा महिने लागले.

आधी वेगवेगळे बसा

पहिली मीटिंग एकत्र घेऊ नका, ही चूक सगळे करतात. एकत्र बसवलं की जो तो आपल्या गटासमोर बोलतो आणि समोरच्याशी बोलतच नाही. आधी दोन्हीकडच्या सहा-सात जणांच्या घरी जा, पार्टी ऑफिसात बोलावू नका, घरी माणूस वेगळा बोलतो. आणि एकच विचारा, तुमच्या घरात किंवा बिल्डिंगमध्ये महिन्याच्या वीस तारखेनंतर काय होतं? पक्षाचं धोरण काय असावं, हे विचारूच नका.

जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. मला एका दुकानदार काकांनी सांगितलं की वीस तारखेनंतर उधारीची वही उघडते, त्यात डोंगरावरची माणसं जास्त, आणि त्यांचा पगार लांबला की माझा माल अडतो. आणि एका ताईने सांगितलं की वीस तारखेनंतर मुलीला रिक्षाऐवजी चालत पाठवते. दोन्ही वाक्यं मी नावं न घेता समोरच्या गटात वाचून दाखवली. मोर्चावाल्या पोरांना पहिल्यांदा कळलं की दुकानदाराची रोजी त्यांच्याच लोकांच्या पगारावर चालते.

वही भरली की भांडणं निवडून काढा, तांदूळ निवडतो तसे. काही भांडणं ध्येयाचीच असतात, ती कमी निघतील. बरीचशी वेगाची असतात, काही मतांच्या भीतीची, आणि काही सरळसरळ पदाची किंवा तिकिटाची. पदाचं भांडण तत्त्वाच्या नावाने चालू असेल तर ते ओळखा आणि बाजूला ठेवा, ते तुमच्याच्याने मिटायचं नाही आणि ठरावाने तर अजिबातच नाही.

आपल्याकडे हे नवीन नाहीये. काँग्रेसमधले जहाल आणि मवाळ १९०७ ला सुरतेला फुटले, भर अधिवेशनात चप्पल उडाली, आणि परत एकत्र यायला १९१६ चं लखनौ उजाडलं. मधली नऊ वर्षं टिळकांची बरीचशी मंडालेच्या तुरुंगात गेली, आणि गोखले तर १९१५ ला वारले, एकी बघायला राहिलेच नाहीत. आपल्या वॉर्डात एवढा वेळ कुणाकडेच नाही.

एका माणसाची पगारचिठ्ठी मध्ये ठेवा

आता ही पायरी मी जरा निवांत सांगते कारण सगळं हिच्यावर आहे.

आमच्याकडे वाद पेटला होता वॉचमन लोकांच्या पगारावरून. मोर्चावाल्यांना सोसायट्यांच्या गेटवर निदर्शनं करायची होती, आणि मीटिंगवाल्यांतले निम्मे त्याच सोसायट्यांचे कमिटी मेंबर, म्हणजे पक्षाची पोरं पक्षाच्याच काकांच्या गेटवर उभी राहणार होती. मी एका सोसायटीच्या खजिनदार काकांना विचारलं, काका, तुमच्या घरी अर्धा तास बसू का, एक पोरगा घेऊन येते आणि तुमच्या वॉचमन मामांना पण वर बोलवा. काका नाराज होते पण हो म्हणाले. काकूंनी चहा ठेवला. मामा सोफ्यावर बसेनात, उभेच राहिले, शेवटी काकूंनीच हाताला धरून बसवलं.

काकांनी एजन्सीचं बिल काढलं. दोन गेट, दिवस-रात्र बारा-बारा तासांची ड्युटी, चार वॉचमन, माणशी २१ हजार, म्हणजे महिन्याला ८४ हजार, सत्तर फ्लॅट, फ्लॅटमागे १,२०० रुपये. मामांनी खिशातून घडी घातलेली पगारचिठ्ठी काढली, हातात येतात १३ हजार. काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसून परत वाचली. पोराची समजूत अशी की सोसायटी चिंधीगिरी करते, काकांची समजूत अशी की आपण तर भरपूर देतो, आणि मधल्या आठ हजारांचं काय होतं ते दोघांनाही माहीत नव्हतं. त्यात टॅक्स आला, पीएफ आला, एजन्सीचं कमिशन आलं, मान्य. मग पोराने मामांच्या मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडलं. चिठ्ठीवर दर महिन्याला पीएफ कापलेला, आणि पासबुकात शेवटचे पाच महिने कोरे.

काका एकदम उठले. बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस, कापलेला पैसा भरलेला नाही ही गोष्ट त्यांना सहनच होईना. "ही सरळ चोरी आहे" हे वाक्य त्या घरात आधी उच्चारलं ते मीटिंगवाल्या काकांनी. आणि कागद ओढून त्यांनीच लिहिलं की यापुढे एजन्सीने पीएफ आणि ईएसआयचं (कामगार विम्याचं) चलन, म्हणजे पैसे भरल्याची पावती, जोडल्याशिवाय बिल पास होणार नाही. चलन नाही तर बिल नाही. मेंटेनन्स एक रुपयाने वाढणार नाही आणि कामगाराचा हक्काचा पैसा जमा होणार. पोरगा म्हणाला काका हेच तर आम्ही दोन वर्षं ओरडतोय, काका म्हणाले अरे मग ओरडत कशाला होतास, कागद दाखवायचास.

या बैठकीतून आमची पहिली मागणी निघाली, आणि ती सोसायट्यांपुरती राहिली नाही. पालिकेच्या कंत्राटदारांनाही हाच नियम लावा, कामगारांच्या नावासकट चलन जोडल्याशिवाय बिल काढू नका, ही मागणी दोन्ही गटांनी मिळून केली.

तुमच्या भागात वॉचमनची चिठ्ठी नसेल तर घरभाड्याची पावती घ्या, रेशनचं कार्ड घ्या, फेरीवाल्याची दंडाची पावती घ्या. पण खरा कागद हवा आणि ज्याचा कागद आहे तो माणूस खोलीत हवा, बसलेला हवा, आणि त्याची परवानगी आधी घेतलेली हवी. त्याची नोकरी धोक्यात येणार असेल तर नाव, सोसायटी, एजन्सी काहीही बाहेर जाता कामा नये, फोटो तर काढूच नका.

मागणी निवडताना

हिशोबातून दहा मागण्या निघतील. एक निवडा, फार तर दोन. निवडताना तीन गोष्टी तपासा, देणार कोण, पैसा कुठून, आणि किती दिवसांत.

देणार कोण, यात निम्मे लोक चुकतात. किमान वेतनाचे दर राज्य सरकार ठरवतं, नगरसेवकाला घेराव घालून काही होत नाही. बसभाडं हा बेस्टचा आणि पालिकेचा विषय, मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान भाडं ५ वरून १० झालं आणि एसीचं ६ वरून १२, तेव्हा आमच्याकडे काहीजण रेल्वे स्टेशनबाहेर घोषणा देत होते. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती आहे आणि तिच्यात कमीत कमी ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचेच हवेत. मीटिंगवाल्यांना फुटपाथ मोकळा हवा असतो आणि मोर्चावाल्यांना फेरीवाला हवा असतो, पण समिती नीट बसवा आणि जागा आखून द्या ही मागणी दोघांनाही चालते. कायद्याचा कागद समोर असला की आवाज आपोआप खाली येतो, हे मी कितीदा पाहिलंय.

पैसा कुठून हा प्रश्न मवाळ लोकांचा आहे असं समजून मोर्चावाले तो टाळतात, आणि तिथेच हरतात. यावर आपल्याच राज्याने जगाला दाखवण्यासारखं काम केलंय. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं मोठ्या प्रमाणावर निघाली, वि. स. पागे यांनी त्या योजनेचा पाठपुरावा केला, आणि १९७७ ला कायदा झाला की गावात काम मागणाऱ्याला सरकारने काम द्यायचं. मागणी केवढी जहाल! पण पैशाचं उत्तर तेवढंच व्यवहारी होतं. १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला आणि तेवढीच भर राज्याने टाकायची असं ठरलं. आज मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसच्या सॅलरी स्लिपवर पी.टी. म्हणून जे २०० रुपये कापलेले दिसतात आणि फेब्रुवारीत ३०० दिसतात, त्या कराचं मूळ हे. मराठवाड्यात खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी फोर्टातल्या कारकुनाच्या पगारातून गेली आणि त्यामुळे सरकार काही पडलं नाही. तुमच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाला आपली सॅलरी स्लिप घेऊन यायला सांगा आणि ही गोष्ट सांगा, मी सांगते तेव्हा खोली शांत होते.

माथाडींचं पण तसंच. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा कायदा आला, मालकाने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्के जादा रक्कम, बोर्डात भरायची आणि बोर्डाने हमालाला द्यायची, बोर्डावर मालक, कामगार आणि सरकार तिघंही. मजुरी बुडवायला मधे कुणी उरलंच नाही. वॉचमनसाठीही १९८१ चा कायदा आणि सुरक्षा रक्षक मंडळ आहे, आमच्या दोन्ही गटांतल्या बहुतेकांना ते माहीतच नव्हतं.

किती दिवसांत, हे मात्र मोर्चावाल्यांनी धरून बसायला हवं. तारीख नसलेला ठराव म्हणजे फाइलीतला कागद.

ठराव लिहिताना

दोघांनी लिहायचा, एक इकडचा एक तिकडचा, आणि वाचायचा उलटा, म्हणजे मोर्चावाल्याने लिहिलेला भाग मीटिंगवाल्याने वाचायचा. शब्दांवर वेळ घालवा. "फुकट" आला की सोसायटीवाले उठतात, "लाभार्थी" आला की वस्तीतल्या ताई चिडतात कारण त्यांना भीक मागितल्यासारखं वाटतं, "भांडवलदार" म्हटलं की कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला वाटतं मलाच म्हणतायत. हक्काचा पैसा, कष्टाचा मोबदला, पावती, मुदत, हे शब्द दोघांनाही आपले वाटतात.

जे जमत नाही ते खोडू नका, ठरावाखाली वेगळी रेघ मारून "यावर मतभेद आहेत, पुढची चर्चा अमुक तारखेला" असं लिहा. आमच्याकडे आठ तासांच्या ड्युटीचं अजून अडलंय. त्या सोसायटीत चाराऐवजी सहा वॉचमन लागतील, तोच दर धरला तर फ्लॅटमागे ६०० रुपये वाढतात, आणि पेन्शनवर जगणाऱ्यांना ते जड जातं हे खरं. पण बारा तास उभं राहणाऱ्या माणसालाही ते जड जातं आणि माझं मत त्याच्या बाजूने आहे, ते मी मीटिंगमध्ये तोंडावर सांगितलंय. रेघेखाली आहे, म्हणून विषय जिवंत आहे.

अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाने २०२० मध्ये साधारण हेच केलं. बायडन मवाळ, सँडर्स जहाल, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, दोघं एकमेकांविरुद्ध लढलेले. मग अर्थव्यवस्था, आरोग्य, शिक्षण, हवामान, न्यायव्यवस्था आणि स्थलांतर अशा सहा विषयांवर संयुक्त गट बसवले, दोन्ही बाजूंचे सहअध्यक्ष ठेवले, आणि जुलैमध्ये ११० पानांचं निवेदन काढलं. सँडर्स यांची सगळ्यांसाठी एकच सरकारी आरोग्य विम्याची मागणी त्यात आली नाही, पण ज्याला हवा त्याला सरकारी विम्याचा पर्याय आला, आणि तासाला १५ डॉलर किमान वेतनही आलं. कागदावर एकी झाली. पण ५ मार्च २०२१ ला सिनेटमध्ये १५ डॉलरच्या दुरुस्तीवर मत पडलं तेव्हा ४२ विरुद्ध ५८ असा पराभव झाला, आणि त्यांच्याच बाजूच्या आठ जणांनी विरोधात मत दिलं.

यातून आम्ही एक शिकलो, की ठराव झाला म्हणजे काम झालं असं समजायचं नाही. ज्याच्या हातात प्रत्यक्ष मत आहे, आमदार असो, नगरसेवक असो, सोसायटीच्या कमिटीतला मेंबर असो, त्याची सही आधी घ्या. सही देत नसेल तर का नाही ते विचारा, आणि त्याची अडचण खरी असेल तर मागणीत दुरुस्ती करा. मतदानाच्या दिवशी कळण्यापेक्षा महिनाभर आधी कळलेलं बरं.

मोर्चा आणि शिष्टमंडळ एकाच दिवशी

कामं वाटताना दोन्ही गटांना आपापल्या स्वभावाचं काम द्या पण तारीख एकच ठेवा. मोर्चा वॉर्ड ऑफिसच्या बाहेर आणि त्याच वेळी चार जणांचं शिष्टमंडळ आत, आत दोन मोर्चावाले दोन मीटिंगवाले. आतल्यांच्या हातात चलनांच्या झेरॉक्स आणि ठराव, बाहेरच्यांच्या तोंडी तीच एक मागणी, दुसरी घोषणा नाही. आमच्या दिवशी खजिनदार काका उन्हात बाहेर उभे राहिले, म्हणाले आत जायला पोरं आहेत, मला जरा बाहेर उभं राहू दे.

मुंबईने हे आधीपासून केलंय. ७ नोव्हेंबर १९३८ चा संप आठवा, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले, एरवी दोघांचे मतभेद केवढे होते. १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एका मागणीवर उभे राहिले. आणि १९७२ नंतरच्या महागाई प्रतिकार संयुक्त स्त्री समितीत समाजवादी मृणालताई गोरे आणि मार्क्सवादी अहिल्याताई रांगणेकर एकत्र, हातात लाटणी आणि मागणी तेल, साखर, रॉकेलची. माझी आई त्या लाटणे मोर्चाला गेली होती. तिला पक्षांची नावं सांगता यायची नाहीत, पण रॉकेलचा भाव पैशासकट सांगायची.

श्रेय, बॅनर, व्हॉट्सअॅप

अर्ध यश कशाला म्हणायचं ते आधीच लिहून ठेवा, नाहीतर एक गट पेढे वाटतो आणि दुसरा विश्वासघात म्हणतो. आम्ही लिहिलं होतं की दहा सोसायट्यांनी चलनाचा नियम लावला तर पहिला टप्पा झाला. सात झाल्यात. म्हणून पेढे नाहीत अजून.

बॅनरवर फोटो कुणाचे हा प्रश्न क्षुल्लक वाटतो पण एकी मोडते ती इथेच. आम्ही ठरवलं की बॅनरवर फोटो नाहीत, फक्त मागणी आणि तारीख. थोडी कुरकुर झाली, मग सगळ्यांना बरं वाटलं.

व्हॉट्सअॅप ग्रुप एकच ठेवा आणि त्यावर वाद नको, फक्त वेळ, ठिकाण आणि कागद. रात्री अकरानंतर कुणी समोरच्या गटाबद्दल लांबलचक लिहिलं तर ग्रुपवर उत्तर देऊ नका, सकाळी त्याच्या घरी जा. मी दोनदा गेलेय, दोन्ही वेळा मूळ कारण वेगळंच निघालं, एकदा तर मुलाची नोकरी गेली होती.

वेळ कधीची धरायची

पालिकेचं बजेट आयुक्त सहसा फेब्रुवारीत मांडतात, २०२५-२६ चं ७४ हजार कोटींच्या वर होतं. ते मांडल्यावर मोर्चा काढून उपयोग नसतो, आकडे आधीच बसलेले असतात. त्यामुळे गणपती झाले की घरोघरच्या बैठका सुरू करा, नवरात्रात सुट्टी, दिवाळीच्या आधी पगारचिठ्ठीची बैठक घ्या कारण तेव्हा बोनसचा विषय घरात निघालेलाच असतो आणि लोक मोकळं बोलतात. ठराव नोव्हेंबरअखेर, सह्या डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि निवेदन नाताळच्या आधी आवक-जावकच्या शिक्क्यासकट दिलेलं हवं. शिक्का मारलेली प्रत दोन घरांत ठेवा, एक मोर्चावाल्याच्या आणि एक मीटिंगवाल्याच्या. आमची एक प्रत काकांच्या कपाटात आहे आणि दुसरी त्या पोराच्या आईने देवघराच्या खणात ठेवलीय.